लाल विंचवाचं विष आणि प्राझोसिनची गोळी

सोलापूर जिल्ह्यात मे महिन्यात जमीन रात्रीही निवत नाही. पारा चाळिशी ओलांडून गेलेला असतो. माणसं ओट्यावर, अंगणात, माळवदावर अंथरूण टाकतात. दिवसभर दगडाखाली, भिंतीच्या भेगेत, कडब्याच्या गंजीत किंवा गोवऱ्यांच्या ढिगात दडलेला विंचू त्याच वेळी भक्ष्य शोधायला बाहेर पडतो. सांगोला, मंगळवेढा, करमाळा भागातल्या माळरानावर वाढलेल्या पोराला दगड उचलण्याआधी तो पायाने कलंडवून बघायची सवय आपसूक लागते. मोठा काळा विंचू दिसायला भयंकर, पण जीव घेण्याची ताकद त्याच्यापेक्षा कितीतरी लहान असलेल्या तांबूस-पिवळट लाल विंचवात असते. प्राणिशास्त्राच्या जुन्या पुस्तकांत त्याचं नाव बुथस टॅम्युलस असं आहे. पुढे ते मेसोबुथस झालं आणि अलीकडे हॉटेनटोटा. नाव बदललं तरी विंचू तोच, आणि कोकणापासून सोलापूरच्या कोरड्या माळापर्यंत तो सगळीकडे आहे.

विंचू चावलेली माणसं दोन तऱ्हेची असतात. एक जण रात्रभर किंचाळतो. हात झटकतो, जमिनीवर लोळतो, बर्फ मागतो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी जेवायला बसतो. दुसऱ्याची वेदनेची तक्रार फारशी नसते. त्याला उलटी होते. अंगातला सदरा पिळून काढावा इतका घाम येतो, तोंडाला लाळ सुटते. ऐन उन्हाळ्यात त्याचे तळहात, तळपाय गार पडतात. तो ओरडत नाही म्हणून घरच्यांना हायसं वाटतं. मग काही तासांत त्याला धाप लागते, खोकल्याबरोबर तोंडातून गुलाबी फेस येतो. विशीतला धडधाकट गडी किंवा सहा-सात वर्षांचं पोर पहाट बघत नाही. महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत किती पिढ्यांनी हे मरण पाहिलं असेल याचा हिशोब कुठेच नाही. ओरडणारा वाचतो आणि शांत पडलेला जातो, हे कोडं सुटायला १९८० चं दशक उजाडावं लागलं. ते सुटलं ते महाडजवळच्या एका गावात, एका तरुण डॉक्टरच्या हातून.

त्याआधी गावाचा भरवसा विंचू उतरवणाऱ्यावर होता. कोणी अंगारा लावी, कोणी पाणी मंतरून देई, कोणी पाला चोळी. बहुतेक दंशांत विष थोडं असतं आणि वेदना आपोआप ओसरते, त्यामुळे मांत्रिकाला यश येई. मला यातली सगळ्यात वाईट गोष्ट वाटते ती अशी, की जो रोगी खरोखर मरणाच्या वाटेवर असायचा त्याची वेदना मुळातच कमी असे. म्हणजे मांत्रिकाकडे नेलेला हा माणूस विव्हळत नसे, विष उतरलं असं सगळ्यांना वाटे आणि त्याला घरी आणून निजवलं जाई. मांत्रिकाला लुच्चा ठरवून हा प्रश्न संपत नाही. त्या काळच्या डॉक्टरलाही याहून जास्त काही कळत नव्हतं.

शास्त्रीय तपासाची सुरुवात मुंबईत परळच्या हाफकिन संस्थेत झाली. डॉ. के. एस. म्हसकर आणि फादर जे. एफ. कायस या दोघांनी सर्पदंशावर देशभर वापरल्या जाणाऱ्या वनस्पती गोळा करून त्या प्रयोगशाळेत तपासल्या. १९३१ साली त्यांनी त्याचा अहवाल प्रसिद्ध केला. विषापुढे त्यातली एकही टिकली नव्हती. पुढच्या वर्षी, १९३२ मध्ये, त्यांनी भारतातल्या विंचवांवर टिपण लिहिलं. लोकांच्या औषधांना न हसता, त्यांवर आंधळा विश्वासही न ठेवता, एकेक पाला तपासून बघणाऱ्या या कामाचा मला फार आदर वाटतो. पण विंचवाच्या विषाने माणूस नेमका कशाने मरतो, याचं उत्तर त्यातून मिळणार नव्हतं. १९६१ मध्ये डॉ. पी. एम. मुंडले यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये महाराष्ट्रातल्या दंशाचे ७८ रुग्ण नोंदवले. त्यातले २३ दगावले होते. दहातले तीन. फुप्फुसात पाणी भरून हे मृत्यू होतात, ही गोष्ट आता कागदावर आली. उपाय मात्र हाती नव्हता.

इथे कथा थोडा वेळ सोडून मज्जातंतूच्या आत शिरायला हवं, कारण विंचवाचं सगळं कसब तिथेच आहे.

आपल्या मज्जातंतूच्या आवरणात प्रथिनांची अतिसूक्ष्म दारं असतात. शास्त्रज्ञ त्यांना आयन चॅनल म्हणतात. प्रत्येक दार ठरावीक आयनालाच वाट देतं, कुणी सोडियमला, कुणी पोटॅशियमला, कुणी कॅल्शियमला. तंतूच्या बाहेर सोडियम भरपूर आणि आत कमी, पोटॅशियमचं उलट. इशारा येतो तेव्हा सोडियमची दारं उघडतात, सोडियम आत धावतो आणि विजेची लाट तंतूवरून पुढे सरकते. हे दार एखादा सहस्रांश सेकंद उघडं राहतं आणि आपणहून बंद होतं. मागोमाग पोटॅशियमची दारं उघडून तंतू पुन्हा पूर्ववत होतो. ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्स्ली या इंग्रज शास्त्रज्ञांनी समुद्रातल्या स्क्विडच्या जाडजूड तंतूवर प्रयोग करून १९५२ साली हा सगळा हिशोब गणितात मांडला. १९६३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

लाट तंतूच्या टोकाला पोचली की तिथली कॅल्शियमची दारं उघडतात. कॅल्शियम आत आला की टोकाशी साठवलेल्या रसायनाच्या बारीक पुड्या फुटतात. स्नायूशी जोडलेल्या तंतूत हे रसायन म्हणजे ॲसिटिलकोलिन. ते पलीकडे स्नायूवरच्या दाराला जाऊन चिकटतं, ते दार उघडतं आणि स्नायू आकसतो. रक्तवाहिन्या आणि हृदयाकडे जाणाऱ्या बऱ्याच तंतूंच्या टोकाला नॉरॲड्रेनालिन असतं. ॲसिटिलकोलिनच्या पुड्यांचा हिशोब लावणारे बर्नार्ड कॅट्झ आणि नॉरॲड्रेनालिनचं काम उलगडणारे उल्फ फॉन ऑयलर यांना १९७० सालचं नोबेल ज्युलियस ॲक्सेलरॉड यांच्यासह विभागून मिळालं. लाल विंचवाचा दंश समजून घ्यायला लागणारी दोन्ही रसायनं एकाच वर्षीच्या पारितोषिकात आली होती. स्टॉकहोममध्ये तेव्हा कुणाच्या मनात विंचू असण्याचं कारण नव्हतं.

१९७६ हे वर्ष या गोष्टीत दोनदा येतं. त्या वर्षी जर्मनीत ग्योटिंगेन इथे एर्विन नेहर आणि बेर्ट साकमान यांनी काचेच्या केसासारख्या नळीचं टोक बेडकाच्या स्नायूवर टेकवलं आणि ॲसिटिलकोलिनने उघडणाऱ्या एका, फक्त एका, दारातून वाहणारा विद्युतप्रवाह जगात पहिल्यांदा मोजला. त्याच वर्षी तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात, एक तरुण सरकारी डॉक्टर रुजू झाला. हिंमतराव बावस्कर. जन्म १९५१ चा, जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचा, गरीब शेतकरी घरातला. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून एम.बी.बी.एस. झालेला. ग्योटिंगेनच्या खोलीत एक आयन चॅनल मोजलं जात होतं, आणि बिरवाडीच्या खाटेवर विष दुसऱ्या आयन चॅनलांशी झुंजत होतं. दोन्ही ठिकाणच्या माणसांना एकमेकांचा पत्ता नव्हता.

बिरवाडीत विंचू चावलेले रुग्ण येत आणि डोळ्यांदेखत मरत. पुस्तकात या विषयाला चार-दोन ओळी होत्या. हाताशी ईसीजीचं यंत्र नाही, क्ष-किरणाची सोय नाही, मोठं रुग्णालय कित्येक तासांवर. रक्तदाब मोजायची पट्टी, स्टेथोस्कोप आणि स्वतःचे डोळे एवढ्यावर बावस्करांनी काम सुरू केलं. रुग्णाच्या उशाशी बसून राहायचं, ठरावीक वेळाने रक्तदाब आणि नाडी लिहायची, हातपायाला हात लावून ते गार आहेत की गरम हे टिपायचं. उलटी कधी झाली, घाम कधी सुटला, धाप कधी लागली, सगळं वेळेसकट. ऐकायला हे किरकोळ वाटतं. पण आरोग्य केंद्रात रात्रभर एका खाटेशेजारी बसून वही भरणं म्हणजे काय, हे ज्याने ग्रामीण रुग्णालय आतून पाहिलं आहे त्यालाच कळेल. दिवसा बाह्यरुग्ण विभाग, लसीकरण, कुटुंबनियोजनाची उद्दिष्टं, शवविच्छेदनं असतातच. ती वही रात्रीच्या झोपेतून निघाली.

वहीतून जे हाती आलं ते १९८२ मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आलं. उलट्या, दरदरून घाम, लाळ, गार पडलेले हातपाय आणि पुरुषांमध्ये लिंगाला आपोआप येणारा ताठरपणा, ही लक्षणं दिसली की हृदयावर आघात होणार आहे असं समजावं, आणि ते आधी समजावं. शेवटचं लक्षण रुग्ण सांगायला लाजतो, नातेवाईक विचारायला लाजतात. डॉक्टरने स्वतः बघितल्याशिवाय ते कळत नाही. शांत पडलेल्या रुग्णाचं कोडं इथे सुटलं. तो शांत होता, पण त्याचा घाम आणि त्याचे गार हात ओरडून सांगत होते.

पण हे होतं कशाने? लाल विंचवाच्या विषात लहान लहान प्रथिनांचं मिश्रण असतं. त्यातली काही थेट सोडियमच्या दाराला बिलगतात आणि दार मिटू देत नाहीत. जे दार सहस्रांश सेकंदात बंद व्हायला हवं ते उघडंच राहतं, सोडियम आत येत राहतो, तंतू एका इशाऱ्याला पुन्हा पुन्हा पेटत राहतो. काही प्रथिनं पोटॅशियमची दारं अडवतात, म्हणजे तंतूला शांत करणारी वाटही बंद. परिणामी टोकाशी असलेल्या रसायनाच्या पुड्या बेसुमार रित्या होतात. स्कॉटलंडच्या स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठातल्या गटाने १९९२ मध्ये याच विंचवाचं विष तंतू आणि स्नायूच्या जोडणीवर घालून पाहिलं. विजेचा एकच झटका दिला तरी तंतू अनेकदा पेटू लागला आणि त्या उत्तेजनाने स्नायू जास्त जोराने आकसू लागला. विष स्नायूला हातही लावत नाही. ते तंतूच्या टोकाला बोलकं करतं, आणि स्नायू आज्ञाधारकपणे आकसत राहतो.

माणसाच्या अंगात हाच प्रकार एकाच वेळी हजारो टोकांवर होतो. आधी ॲसिटिलकोलिनचा पूर येतो. उलटी, लाळ, घाम, मंद नाडी ही त्याची लक्षणं. पाठोपाठ नॉरॲड्रेनालिन आणि ॲड्रेनालिन. हातापायाच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात म्हणून ते गार पडतात, रक्तदाब चढतो, हृदय एवढ्या दाबाविरुद्ध रक्त ढकलता ढकलता दमतं, त्याच्या स्नायूला इजा होते आणि रक्त मागे फुप्फुसात तुंबतं. गुलाबी फेस तो हा. वैद्यकात याला स्वायत्त मज्जासंस्थेचं वादळ म्हणतात.

हे कळल्यावर आधीचे उपचार का फसत होते तेही उघड झालं. पूर्वी रुग्णाला ॲट्रोपिन देत. ते ॲसिटिलकोलिनला रोखतं, म्हणजे घाम आणि लाळ आटते. पण त्यामुळे नॉरॲड्रेनालिनला मोकळं रान मिळतं आणि आधीच दमलेलं हृदय अजून धावतं. स्टिरॉइड देत, त्याचा उपयोग नव्हता. गुंगीच्या औषधांचं एक मिश्रण देत, त्याने रुग्ण निपचित पडे आणि बिघाड झाकला जाई. चांगल्या हेतूने दिलेली ही औषधं होती. त्यांनी किती जणांचा शेवट जवळ आणला असेल, याचा विचार आला की मन खिन्न होतं.

पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात एम.डी. करून बावस्कर महाडला परतले. मोठ्या शहरात दवाखाना टाकणं त्यांना सहज शक्य होतं. ते ज्या रुग्णांसाठी परतले ते रुग्ण महाड आणि पोलादपूरच्या वाड्या-वस्त्यांवर होते. पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर सोबत होत्या आणि पुढचं सगळं काम दोघांच्या नावावर आहे. आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल केल्या तर हृदयावरचा भार उतरेल, या विचाराने त्यांनी आधी सोडियम नायट्रोप्रुसाइड वापरलं. हे औषध सलाइनमधून थेंबाथेंबाने द्यायचं आणि दर काही मिनिटांनी रक्तदाब बघायचा. जरा जास्त गेलं तर रक्तदाब कोसळतो. फुप्फुसात पाणी भरलेले रुग्ण त्याने वाचू लागले, म्हणजे विचाराची दिशा बरोबर होती. पण अतिदक्षता विभागाशिवाय हे औषध देणं म्हणजे जिवाशी खेळ. खेड्यात चालेल असं काही हवं होतं.

ते प्राझोसिन. फायझर कंपनीने रक्तदाबावर काढलेली गोळी, १९७० च्या दशकापासून बाजारात असलेली, तोंडाने घ्यायची, स्वस्त. नॉरॲड्रेनालिन रक्तवाहिनीच्या भिंतीवर ज्या जागी चिकटून तिला आवळतं ती अल्फा-१ नावाची जागा ही गोळी अडवून धरते. वाहिनी सैल होते, हातपाय गरम होऊ लागतात, हृदयाला उसंत मिळते. १९८६ मध्ये लॅन्सेटमध्ये बावस्कर दांपत्याचा प्राझोसिनवरचा लेख आला. फुप्फुसात पाणी भरलेल्यांमध्ये पूर्वी शंभरातले पंचवीस-तीस दगावत. प्राझोसिन वेळेवर मिळू लागल्यावर हे प्रमाण एक-दोनावर आलं.

या उपायाची मला सर्वांत मोठी वाटणारी गोष्ट अशी की प्राझोसिन विषाला शिवत नाही आणि सोडियमच्या दारालाही शिवत नाही. दार उघडंच राहतं, तंतू पेटतच राहतो. गोळी फक्त शेवटच्या टप्प्यावर, रक्तवाहिनीच्या भिंतीपाशी उभी राहते आणि इथून पुढे नाही असं सांगते. तोवर शरीर हळूहळू विष निकामी करतं. रेणूपातळीवर विष काय करतं याचा पूर्ण उलगडा होण्याआधी, केवळ रुग्णाच्या हातापायाच्या स्पर्शावरून आणि रक्तदाबाच्या नोंदींवरून, नेमकी अडवण्याची जागा शोधून काढणं ही अस्सल वैद्यकीय बुद्धी आहे. मुंबईत डॉ. के. राधाकृष्ण मूर्ती यांनी याच सुमारास इन्शुलिन आणि ग्लुकोज देण्याची वेगळी वाट धरली होती. वादळात शरीराचं इन्शुलिन दबतं आणि साखर चढते, हा त्यांचा मुद्दा खरा होता. खेड्यात मात्र गोळीच जिंकली.

ज्या रुग्णाला नुसती वेदना आहे, वादळ नाही, त्याच्यासाठी दुसरं औषध आहे आणि ते मात्र थेट दारावर काम करतं. दंशाच्या जागेभोवती लिग्नोकेन टोचतात. निल्स लोफग्रेन या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने ते १९४३ मध्ये बनवलं आणि १९४८ पासून झायलोकेन या नावाने ते जगभर गेलं. दात काढताना हिरडीत टोचतात तेच. ते सोडियमच्या दारात आतून अडसर घालतं, इशारा पुढे जाऊ देत नाही. एकाच बोटात, एकाच तंतूत, विंचवाचं विष दार उघडं धरून बसलेलं असतं आणि लिग्नोकेन तेच दार अडवत असतं. बधिर झालेल्या बोटाकडे बघून सोलापूरच्या सिव्हिलमधल्या किंवा बार्शीच्या एखाद्या दवाखान्यातल्या रुग्णाला जे हायसं वाटतं, त्यामागे ही झटापट असते.

विंचवाशेजारीच राहणारी मण्यार याच्या नेमकं उलट करते. सोलापूरच्या शेतावर रात्री जमिनीवर झोपलेल्याला ती चावते, बऱ्याचदा त्याला कळतही नाही. तिच्या विषातला एक घटक स्नायूवरचं ॲसिटिलकोलिनचं दार अडवतो आणि दुसरा तंतूच्या टोकाचीच नासाडी करतो. पापण्या मिटतात, जीभ जड होते, श्वासाचे स्नायू थांबतात, माणूस आतून शुद्धीवर असतो. नागाच्या विषात निओस्टिग्मिन या औषधाने पुष्कळदा फरक पडतो, कारण ते ॲसिटिलकोलिन टिकवून धरतं. मण्यारीत टोकच निकामी झालेलं असतं, टिकवायला फारसं उरत नाही, म्हणून कृत्रिम श्वासाचं यंत्र लागतं. विंचू तंतूच्या टोकाला गप्प बसू देत नाही, मण्यार त्याला बोलू देत नाही. ग्रामीण डॉक्टरला एकाच रात्री दोन्ही ओळखता यावे लागतात.

विंचवाच्या विषाला पुढे दुसरीच किंमत आली. १९९० मध्ये अमेरिकेत शास्त्रज्ञांनी याच लाल विंचवाच्या विषातून ३७ अमिनो आम्लांचं एक प्रथिन वेगळं केलं आणि त्याला आयबेरिओटॉक्सिन असं नाव दिलं. पोटॅशियमच्या अनेक प्रकारच्या दारांपैकी ते एकच प्रकार अडवतं, मोठ्या क्षमतेचा, कॅल्शियम वाढला की उघडणारा. तंतूच्या टोकाशी रसायनाचा प्रवाह आटोक्यात ठेवणारं हे दार आहे. ते अडवलं की बेडकाच्या तंतू-स्नायू जोडणीत ॲसिटिलकोलिन जास्त सुटतं. जगभरच्या शरीरशास्त्राच्या प्रयोगशाळा हे प्रथिन आज साधन म्हणून वापरतात. एखाद्या उतीत हे दार आहे की नाही बघायचं असेल तर आयबेरिओटॉक्सिन घालून पाहतात. २००२ मध्ये टॅमापिन आलं, ३१ अमिनो आम्लांचं, आणखी एका पोटॅशियम दारावर नेमकं बसणारं. ज्या विंचवाला आपण चपलेने ठेचतो त्याच्या नांगीतलं हे विष पेशींच्या अभ्यासात मोलाचं ठरलं आहे.

आणखी एक शोध सोलापूरकरांनी लक्षात ठेवावा असा. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कोकणातल्या दमट प्रदेशातले लाल विंचू आणि दख्खनच्या पठारावरच्या कोरड्या प्रदेशातले लाल विंचू यांच्या विषाची तुलना केली होती. जात एकच, पण विषातल्या प्रथिनांचं मिश्रण प्रदेशागणिक वेगळं निघालं. महाडच्या खाटेवर शिकलेलं सगळंच्या सगळं देशावर जसंच्या तसं लागू होईल असं गृहीत धरता येत नाही. सोलापूर, नगर, धाराशिवच्या रुग्णांच्या स्वतंत्र नोंदी ठेवणं का गरजेचं आहे ते यावरून कळावं. १९६३ पासून सोलापुरात डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. अशा नोंदींसाठी याहून सोयीची जागा नाही.

विषावर थेट मारा करणारं औषधही याच दरम्यान आलं. हाफकिनने घोड्यांना लाल विंचवाचं विष थोडं थोडं टोचून त्यांच्या रक्तातून प्रतिविष तयार केलं. त्या कामाचा तपशील आर. सी. कणकोणकर आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केला. चिपळूणकडे डॉ. विवेक नातू यांनी ग्रामीण रुग्णालयात ते वापरून २००६ मध्ये त्याचे अनुभव मांडले. मग प्रश्न उभा राहिला, गोळी की प्रतिविष? बावस्करांना गोळीचा अभिमान बाळगून थांबता आलं असतं. त्यांनी आपल्याच उपचाराची परीक्षा घेतली. महाडला ७० रुग्ण, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत विभागलेले, ३५ जणांना फक्त प्राझोसिन, ३५ जणांना प्राझोसिन आणि प्रतिविष. दहा तासांत पूर्ण बरे झालेले पहिल्या गटात ८, दुसऱ्या गटात ३२. बरं व्हायला लागलेला सरासरी वेळ जवळपास १८ तासांवरून ८ तासांवर आला. २०११ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलने हे छापलं. याच नियतकालिकात पन्नास वर्षांपूर्वी मुंडल्यांनी ७८ पैकी २३ मृत्यूंची नोंद केली होती.

या निकालाचा अर्थही तंतूच्या टोकापाशीच आहे. रक्तात फिरणारं विष प्रतिविष पकडतं, नवी दारं उघडी पडू देत नाही. पण टोकातून आधीच सुटलेलं नॉरॲड्रेनालिन त्याला परत बोलावता येत नाही. तिथे प्राझोसिन लागतं. म्हणून दोन्ही, आणि दोन्ही लवकर. प्रतिविष उशिरा दिलं तर त्याचा फायदा घटत जातो. गोळीला मात्र उशीर झाला तरी काहीतरी करता येतं.

२०२२ मध्ये हिंमतराव बावस्करांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या कामाचं खरं मोजमाप मात्र माळरानावरच्या आरोग्य केंद्रात होतं. मंगळवेढ्याकडचा एखादा मेडिकल ऑफिसर विंचू चावलेल्या पोराला आधी वेदनेबद्दल विचारत नाही. तो तळहात हातात घेतो, कपाळावरचा घाम बघतो, रक्तदाब मोजतो, उलटी झाली का ते विचारतो. हात गार असतील तर किलोमागे ३० मायक्रोग्रॅम या हिशोबाने प्राझोसिन देतो. पहिल्या मात्रेनंतर रक्तदाब एकदम उतरू शकतो म्हणून पोराला आडवंच ठेवायला सांगतो, आईला त्याला कडेवर उचलू देत नाही. उलट्यांनी पाणी गेलेलं असतं, ते भरून काढतो. दर तीन तासांनी मात्रा पुन्हा, हातपाय गरम आणि कोरडे होईपर्यंत. दंशाच्या जागी ठणका परत सुरू झाला आणि पोर रडू लागलं, की वादळ ओसरू लागलं असं समजून मग लिग्नोकेनची सुई हातात घेतो.